महामारीत मनपा काय करेल, वस्तीनं काय करायचं: नागपूरच्या मंडळांसाठी कामाची वाटणी

साथ आली की मनपाचा आदेश निघतो आणि वस्तीतली पोरं कामाला लागतात. दोघांचीही मनं साफ असतात, तरी आदेश गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि पोरांना दारोदार जे कळतं ते झोन ऑफिसच्या टेबलावर पोहोचत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये खाटा आणि ऑक्सिजन कमी पडला, हे नागपूरनं सोसलं आहे. पण खाट कुठे रिकामी आहे हे घरच्यांना न कळणं, एकाच घरी तीन संस्थांचं रेशन येणं आणि शेजारच्या भाड्याच्या खोलीत काहीच न येणं, हेही त्याच काळात झालं. हा दोष मधल्या सांध्याचा आहे आणि तो साथ नसतानाच दुरुस्त होतो.

ही माहिती गणेश मंडळं, बचत गट, फ्लॅट सोसायट्या, मशीद-विहार-मंदिरांच्या समित्या आणि लहान संस्थांसाठी आहे. उदाहरणं श्वासाच्या साथीची जास्त आहेत, कारण शेवटची मोठी महामारी ती होती. पुढची डासांची किंवा पाण्याची असू शकते. तेव्हा मास्क आणि ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) मागे पडतील, पण याद्या, फोन आणि माणसं तीच राहतील.

कुणाच्या हातात काय

साथरोग कायदा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगनंतर केलेला. महाराष्ट्रानं तो १३ मार्च २०२० पासून लागू केला आणि दुसऱ्या दिवशी कोविडची नियमावली काढली. त्यातले अधिकार शहरात मनपा आयुक्तांकडे आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे होते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षही जिल्हाधिकारीच. रस्ता बंद करणं, बाजार थांबवणं, एखाद्याला विलगीकरणात ठेवणं, खासगी दवाखान्याचे दर बांधणं, खाटा ताब्यात घेणं, लस वाटणं, मृत्यूची नोंद करणं ही कामं फक्त सरकारची. ती मंडळानं करायची नाहीत आणि सरकारनंही मंडळावर ढकलायची नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधून "आमची वस्ती बंद" असा फलक लावायला कायद्याचा आधार नाही. शिवाय त्याच बांबूपाशी रात्री १०८ ची रुग्णवाहिका अडते. प्रतिबंधित क्षेत्र ठरवायचं ते मनपानं. मंडळानं फक्त आतल्या घरांना दूध, औषध, गॅस कसा पोहोचेल ते पाहायचं.

वस्तीकडे जे आहे ते सरकारकडे कधीच नसतं. कोणत्या खोलीत कोण भाड्यानं राहतं, कोणाचा डायलिसिस चालू आहे, कोणती म्हातारी एकटी आहे, कोणाशी कोणाचं पटत नाही आणि कोणाचं सगळे ऐकतात, हे वस्तीलाच माहीत. वस्तीचं आणखी एक काम सरकारला आणि दवाखान्यांना हिशेब विचारण्याचं आहे. मदत करणाऱ्या संस्था ते टाळतात, कारण त्यांना वाटतं संबंध बिघडतील. हे काम टाळू नये. त्याबद्दल पुढे.

नागपूर मनपाचे १० झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आसीनगर आणि मंगळवारी. प्रत्येक झोनचा कारभार सहायक आयुक्त पाहतात आणि आरोग्यासाठी झोनल वैद्यकीय अधिकारी असतात. आपला झोन कोणता हे अंदाजानं ठरवू नका, घरटॅक्सच्या पावतीवर पाहा. वाडी, हिंगणा, कामठी मनपाच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे नगरपरिषद किंवा नगरपंचायत आणि जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा. राहायला वाडीत आणि कामाला धरमपेठेत असलेला माणूस दोन यंत्रणांच्या मधे पडतो आणि दोन्ही याद्यांतून सुटतो. हद्दीवरच्या वस्त्यांनी दोन्हीकडचे नंबर ठेवावेत.

साथ नसताना करायचं काम

शांत काळातल्या दोन रविवारांचं हे काम आहे.

आधी आशा ताई आणि महिला आरोग्य समिती शोधा. शहरी आरोग्य अभियानात एका आशाकडे साधारण २०० ते ५०० घरं असतात. महिला आरोग्य समिती ५० ते १०० घरांमागे एक असते आणि तिला वर्षाला ५,००० रुपयांचा खुला निधी मिळण्याची तरतूद आहे. साधारण ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. तुमच्या वस्तीत समिती कागदावरच असेल तर नवी संस्था काढण्याआधी तीच जागी करा. मनपाच्या नोंदीत असलेल्या बायकांचं म्हणणं झोनमध्ये लवकर ऐकलं जातं, हा सरळ व्यवहार आहे.

मग घरांची वही. मोबाइलवरची शीट चालेल, पण एक कागदी वही हवीच, कारण लाइट आणि रेंज दोन्ही नेमके नको तेव्हा जातात. प्रत्येक घरासाठी एक ओळ: घर क्रमांक किंवा खूण, माणसं किती, ६० वर्षांवरचे किती, गरोदर बाई, साखर-बीपी-टीबी-डायलिसिस-सिकलसेलचा रुग्ण, रेशनकार्ड आहे की नाही, एक फोन, आणि वेगळी खोली व वेगळा संडास आहे का. सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) रकाना विदर्भात सोडू नका, त्या रुग्णांना ताप आणि छातीचा संसर्ग लवकर जड जातो. आधार नंबर, जात, पगार लिहू नका. त्याचा उपयोग नाही आणि वही हरवली तर नुकसान मोठं.

भाडेकरू, बांधकामावरचे मजूर आणि वसतिगृहातली मुलं वेगळ्या पानावर घ्या. घरमालक त्यांची नावं देत नाहीत. किराणावाल्याकडे आणि पाण्याच्या कॅनवाल्याकडे खरा आकडा मिळतो.

शेवटी फोनची साखळी. वस्तीतर्फे झोनशी बोलणारा माणूस एकच ठेवा आणि त्याच्या जोडीला एक पर्यायी. वीस जणांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केले की ते फोन उचलणं बंद करतात, आणि त्यांचंही चुकत नाही. त्या एका माणसानं रोज ठरलेल्या वेळी, समजा संध्याकाळी ६ वाजता, एकच संदेश पाठवायचा: नवे ताप किती, कोणत्या गल्लीत, कोणाला रुग्णवाहिका लागली, काय अडलं. उलट दिशेनंही हेच मागून घ्या. मनपाचं तपासणी पथक उद्या कुठे येणार हे आदल्या संध्याकाळी कळलं तर लोक घरी थांबतात. पथक अचानक ११ वाजता आलं तर निम्म्या दारांना कुलूप असतं, कारण लोक कळमन्याच्या बाजारात किंवा साइटवर गेलेले असतात.

पहिली चाहूल कशी पकडायची

देशात साथीच्या नोंदीसाठी २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. त्यात संशयित रुग्णांची नोंद आरोग्य कर्मचारी करतात, संभाव्य निदानाची डॉक्टर आणि पक्क्या निदानाची प्रयोगशाळा. २०२१ पासून ही नोंद एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर ऑनलाइन होते. ही यंत्रणा दवाखान्यात आलेल्या माणसापासून सुरू होते. औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या घेऊन घरी झोपलेला माणूस तिला दिसत नाही, तो वस्तीला दिसतो.

आठवड्यातून एकदा चार ठिकाणी विचारा. औषधाच्या दुकानात तापाच्या आणि जुलाबाच्या गोळ्या एकदम जास्त गेल्या का? कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे एकाच तऱ्हेचे रुग्ण वाढले का? शाळेत आणि अंगणवाडीत एकाच वर्गातली मुलं गैरहजर आहेत का? आणि घाटावर किंवा कब्रस्तानात तुमच्या वस्तीतून नेहमीपेक्षा जास्त माणसं गेली का? एका गल्लीत आठवड्याभरात तीन घरांत सारखीच लक्षणं दिसली, की पुष्टीची वाट न पाहता आरोग्य केंद्राला कळवा. मेलेली कोंबडी, डुकरं, कावळे एकदम दिसले तर तेही कळवा.

कळवताना "डेंग्यू झालाय" किंवा "कोरोना आलाय" असं म्हणू नका. निदान तुमचं काम नाही, आणि चुकीचं निदान एकदा निघालं की पुढचा फोन कोणी मनावर घेत नाही. लक्षणं सांगा: "अमुक गल्लीत ५ जणांना ३ दिवसांपासून ताप आणि अंगावर पुरळ, पैकी २ लहान मुलं, एका मुलाला भरती केलं." वेळ, जागा, माणसं, लक्षणं. आरोग्य सल्ल्यासाठी राज्याचा १०४ नंबर आहे, गाडीसाठी १०८.

दारोदार तपासणी

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यानं "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" ही मोहीम घेतली. एका पथकात एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक, आणि रोज ५० घरं. मांडणी चांगली होती. ५० घरं म्हणजे घरामागे ८ मिनिटं धरली तरी पावणेसात तास होतात. उन्हाळ्यात सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ नंतर एवढंच चालणं शक्य आहे. मे महिन्यात दुपारी १ वाजता टिनाखालच्या दारात उभं राहून कोणी नीट उत्तर देत नाही आणि स्वयंसेवकाला ऊन लागतं ते वेगळं. मे-जूनमध्ये रोजची घरं ३० पर्यंत कमी करा आणि प्रत्येकाजवळ पाणी व ओआरएस ठेवा. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलीचा. मीठ वाढलं तर लहान मुलाला ते घातक ठरतं, म्हणून मिश्रणाची चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

ऑक्सिमीटर वापरताना सर्वात जास्त चुका होतात, म्हणून ते सविस्तर:

१. माणसाला ५ मिनिटं बसू द्या. जिना चढून आल्या आल्या बोट लावू नका.
२. नेलपॉलिश आणि नखांवरची मेंदी आकडा बिघडवते. दुसरं बोट घ्या. हात गार असतील तर चोळून कोमट करा.
३. बोट हृदयाच्या उंचीवर, स्थिर. आकडा ठरेपर्यंत अर्धा ते एक मिनिट थांबा. यंत्रावर दोन आकडे असतात, घाईत नाडीचा आकडा चुकून ऑक्सिजन म्हणून लिहिला जातो, ते टाळा.
४. ९४ आणि वर असेल, ताप-खोकला असेल, पण धाप नसेल तर घरातल्या घरात ६ मिनिटं चालवून पुन्हा मोजा. आकडा ३ किंवा त्याहून जास्त घसरला किंवा ९४ च्या खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टर.
५. आधीच ९४ च्या खाली असेल किंवा बोलताना दम लागत असेल तर चालवू नका. ९० च्या खाली थेट गाडी बोलवा.

सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. आपल्याकडे बहुतेकांची त्वचा सावळी आहे. तेव्हा माणूस धापा टाकत असेल आणि यंत्र ९५ म्हणत असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

तपासणीत लोक खोटं सांगतात ते बहुधा भीतीपोटी. २०२० च्या एप्रिलमध्ये सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा भागांतून शेकडो माणसं विलगीकरणात नेली गेली, आणि पथक दिसलं की दार लावून घेण्याची भीती शहरभर पसरली. दारात पहिलं वाक्य "कोणाला ताप आहे का" असं नको. "घरी सगळे कसे आहेत, औषधं मिळताहेत का" असं विचारा. आणि नेलं तर कुठे नेतात, किती दिवस, जेवण काय, घरच्यांशी फोन होईल का, मागे राहिलेल्या मुलांचं कोण पाहील, याची खरी उत्तरं पथकाकडे आधीच असायला हवीत. ती उत्तरं देणं मनपाचं काम, आणि पथक येण्याआधी ती मागून घेणं हे तुमचं.

घरी विलगीकरण, आणि कूलरचा प्रश्न

वेगळी खोली आणि वेगळा संडास असेल तरच घरी. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहत असतील तर "घरीच थांबा" या सल्ल्याला अर्थ नाही. तिथे मनपाच्या विलगीकरण केंद्रात जागा मागा आणि घरच्यांच्या जेवणाची हमी द्या.

नागपुरात एप्रिल ते जून घरोघरी कूलर असतो, आणि संसर्गाच्या दृष्टीनं त्याकडे फार कमी लोक पाहतात. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, हे चांगलं. पण ती हवा खोलीबाहेर कुठून तरी जाणारच. रुग्णाच्या खोलीला दुसरी खिडकी नसेल तर ती दाराच्या फटीतून घरातल्या बाकीच्यांवर जाते, रुग्णाच्या श्वासासकट. म्हणून रुग्णाच्या खोलीत कूलर लावायचा असेल तर समोरची खिडकी पूर्ण उघडी, घराकडचं दार बंद आणि खालच्या फटीला ओलं फडकं. दुसरी खिडकीच नसेल तर रुग्णाच्या खोलीत कूलर नको. झरोक्यात बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा लावा आणि कूलर घरच्यांच्या बाजूला ठेवा, म्हणजे हवेचा ओघ घरातून रुग्णाकडे आणि तिथून बाहेर असा राहतो. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच हवा फिरवतो, तो बंदच. पावसाळ्यात हाच कूलर डेंग्यूच्या डासांचं घर होतो. आठवड्यातून एकदा रिकामा करून, घासून, कोरडा करा. नुसतं पाणी बदललं तर टाकीच्या भिंतीला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

जंतुनाशकाचं माप: ३३ टक्के क्लोरीनची ब्लिचिंग पावडर ३० ग्रॅम प्रति लिटर म्हणजे १ टक्का द्रावण. संडास, कडी, नळ यांना लावून १० मिनिटं ठेवा, मग धुवा. द्रावण रोज ताजं करा. उघड्या पोत्यातली पावडर पावसाळ्यात दमट होऊन ताकद गमावते, म्हणून छोटी पाकिटं घ्या. संडासच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. आणि माणसांवर फवारणी नको. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्येच तसं सांगितलं होतं, तरी फवाऱ्याचे बोगदे उभे राहिले आणि त्यांवर पैसा गेला.

धान्य, जेवण आणि रोख

हे काम वस्तीला सगळ्यात सोपं वाटतं आणि गोंधळ इथेच जास्त होतो. हिशेब मांडून पाहा. माणशी रोज ३५० ग्रॅम धान्य धरलं तर ५ जणांच्या घराला १४ दिवसांत सुमारे २४.५ किलो लागतं. अन्न सुरक्षा कायद्याच्या प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे या घराला १४ दिवसांचे पावणेबारा किलो. उरलेले सुमारे १३ किलो भरून काढायचे आहेत. शिवाय तूर किंवा मूग डाळ साडेतीन किलो, तेल दीड लिटर, मीठ, तिखट, हळद, साखर, चहा, साबण आणि सॅनिटरी पॅड. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांना पूर्ण २४.५ किलो. सगळ्यांना सारखीच थैली दिली की कार्डवाल्याकडे जास्त होतं आणि बिनकार्डवाल्याचं १४ दिवसांआधीच संपतं.

तांदळाबरोबर गॅस आहे का हे विचारा. रिकाम्या सिलेंडरशेजारी धान्याची पोती पडून राहतात. ५०० रुपये रोख हातात दिले तर बाई दूध, भाजी, रिचार्ज आपल्या अक्कलहुशारीनं भागवते. दात्यांना फोटोसाठी थैली हवी असते. त्यांना रोख का लागते ते समजावून सांगा. घेणाऱ्याचा फोटो मात्र काढू नका.

शिजवलेलं अन्न फक्त ज्यांच्याकडे चूल नाही त्यांना: वाटेवरचे मजूर, रस्त्यावरचे, एकटे आजारी. राज्याच्या शिवभोजन केंद्रांचा दर लॉकडाऊनमध्ये १० वरून ५ रुपये झाला होता. जवळ केंद्र असेल तर आपली भट्टी पेटवण्याआधी त्याच्या थाळ्या वाढवून मागा. स्वतः शिजवायचंच असेल तर १०० माणसांच्या खिचडीला ८ किलो तांदूळ, साडेतीन किलो मूगडाळ, दीड किलो तेल. नागपूरच्या उन्हाळ्यात शिजल्यापासून ४ तासांत पोटात गेलं पाहिजे. गरम खिचडी डब्यात दाबून झाकण लावली की आत घाम धरते आणि दुपारी २ पर्यंत आंबते, म्हणून वाफ जाऊ देऊन मग भरा. २०२० च्या उन्हाळ्यात वर्धा रोड आणि जबलपूर रोडनं पायी जाणाऱ्यांना जेवणाबरोबर चपला आणि पाणी लागत होतं, हे तिथे उभ्या राहिलेल्या लोकांनी ओळखलं, कोणत्याही आदेशात ते नव्हतं.

ऑक्सिजन

ऑक्सिजन आणणं, साठवणं, दवाखान्यांत वाटणं ही सरकारची जबाबदारी. एप्रिल २०२१ मध्ये विशाखापट्टणमहून निघालेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसचे ३ टँकर नागपुरात उतरले आणि बाकीचे नाशिककडे गेले. हे वर्गणीतून होणारं काम नाही. वस्तीनं फक्त दोन ठिकाणी हात घालावा: खाट मिळेपर्यंतचे काही तास, आणि घरी सोडलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी लिहून दिलेला ऑक्सिजन.

मोठ्या, डी टाइप सिलेंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला ५ लिटरनं तो २३ तास पुरतो. लहान बी टाइप १,५०० लिटरचा, त्याच वेगानं ५ तास. म्हणजे लहान सिलेंडर गाडीपर्यंत न्यायला आहे, रात्र काढायला नाही. ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, सतत विजेवर चालतो. त्याला जोड लावून दोन रुग्ण बसवू नका, दोघांनाही अपुरा पडतो. ५ लिटरवरही ९० येत नसतील तर घरी प्रयोग थांबवा.

सिलेंडर उभा, साखळीनं बांधलेला, चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब. रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, शुद्ध ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. फ्लोमीटर (वायूचा वेग दाखवणारी नळी) वाचताना आतल्या गोळीचा मध्य पाहा. बुडबुड्याच्या बाटलीत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी, रोज बदललेलं. जास्त वेग म्हणजे जास्त उपचार असं समजून नातेवाईक चावी वाढवतात. जुन्या दम्याच्या, सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाला त्यानं उलट ग्लानी येऊ शकते. यंत्र देताना डॉक्टरांनी लिहिलेला वेग चिकटपट्टीवर लिहून यंत्रावरच लावा.

आणि सिलेंडर घरात साठवू देऊ नका. एका घरी "असू द्या" म्हणून ठेवलेला सिलेंडर म्हणजे दुसऱ्या घरी न पोहोचलेला सिलेंडर. वहीत नाव, तारीख, परत कधी, हे तीन रकाने पक्के.

हिशेब विचारणं

२१ मे २०२० च्या आदेशानं राज्यानं खासगी दवाखान्यांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले: साधा वॉर्ड ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये रोज. आदेश होता, पण बिल भरताना बऱ्याच घरांना तो माहीत नव्हता. पुढच्या साथीत असा आदेश निघाला की त्याचं एक पान मराठी-हिंदीत छापून औषधाच्या दुकानांवर लावा. बिल तारीखवार आणि बाबवार मागा. पीपीई किटचे आणि औषधांचे आकडे वेगळे पाहा, दरात न धरलेल्या बाबींतूनच रक्कम फुगते. तक्रार लेखी, पोच घेऊन, मनपाच्या लेखापरीक्षकाकडे.

माहिती अधिकारात उत्तराची मुदत ३० दिवस, पण प्रश्न जिवाचा असेल तर कलम ७(१) प्रमाणे ४८ तास. अर्जात तसं स्पष्ट लिहा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं कोविडच्या काळात स्वतःहून याचिका दाखल करून घेतली होती, आणि एप्रिल २०२१ मध्ये नागपूरसाठी रेमडेसिव्हिर या कोविडसाठी वापरल्या जाणाऱ्या औषधाच्या १०,००० कुप्या देण्याचा आदेश दिला. लोकांच्या वतीनं उभं राहता येतं, हे त्यातून दिसलं. त्याच औषधाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्ये दाखल रुग्णांना ते न देण्याचा सल्ला दिला होता, तरी माणसं काळ्या बाजारात दागिने विकून ते शोधत फिरली. औषधाच्या चिठ्ठीमागे पळण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: हे मिळालंच नाही तर काय कराल? उत्तरावरून त्याची खरी गरज कळते.

हिशेब स्वतःचाही द्या. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून पैसे गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सवाला मंडळं घेतात तीच. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना २०२० च्या दुरुस्तीपासून तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, म्हणून मोठ्या संस्थेकडून छोट्या मंडळाला रक्कम मिळेल या भरवशावर राहू नका. वस्तू आणि सेवा थेट त्यांच्याकडून घ्या. दर रविवारी जमा-खर्च समाजभवनाच्या फळ्यावर लिहा.

अफवा, नावं आणि शेवटचा निरोप

रुग्णाचं नाव, फोटो, रिपोर्ट कोणत्याही ग्रुपवर टाकायचा नाही. गल्ली सांगितली तरी पुरे. एका घराचं नाव फुटलं की पुढची दहा घरं ताप लपवतात. अफवा आली तर "खोटं आहे" एवढं म्हणून ती थांबत नाही. ज्याच्या तोंडून लोक ऐकतात त्यांनी, मग ते मौलवी असोत, भंतेजी असोत, भजनी मंडळाचे बुवा असोत की शाळेच्या मॅडम, खरं काय ते बोलायला हवं. वस्तीत हिंदी, हलबी, छत्तीसगढी बोलणारी घरं असतील तर निरोप त्या बोलीत.

आरोग्य कर्मचाऱ्यावर हात उचलला तर २०२० च्या दुरुस्तीप्रमाणे ३ महिने ते ५ वर्षं शिक्षा आहे, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. पथकासोबत वस्तीतली दोन वडीलधारी माणसं असली की ती वेळ सहसा येत नाही.

मृत्यू झाला तर अंत्यविधीचे नियम त्या त्या रोगाप्रमाणे मनपा ठरवते. नातेवाइकांना तोंड पाहायला मिळेल का, किती जण येऊ शकतात, कोणता घाट किंवा कब्रस्तान, हे लेखी मागून घ्या आणि घरच्यांना शांतपणे एकदाच सांगा. दाखल्याच्या कागदांसाठी एक माणूस सोबत द्या. विम्याची आणि सानुग्रह मदतीची रक्कम पुढे मृत्यूच्या कारणाच्या नोंदीवर अडते.

लसीकरण

कुप्या, शीतसाखळी, टोचणं सरकारचं. बहुतेक लसी २ ते ८ अंशांत राहतात आणि कोविशील्डच्या एका कुपीत १० डोस होते, उघडल्यावर ४ तासांत संपवायचे. म्हणून लोकांना दहाच्या गटात आणा, आणि ऐनवेळी बोलावता येतील अशी चार नावं राखीव ठेवा. सुरुवातीला एका मोबाइलवर चारच नावं नोंदवता येत होती आणि स्मार्टफोन नसलेली घरं मागे पडली. बचत गटाच्या बायकांनी नोंदणीचं टेबल मांडलं की हा प्रश्न सुटतो. टोचल्यानंतरच्या ३० मिनिटांसाठी सावली, खुर्च्या, पाणी हे मंडळानं पाहावं. मांडव आहेच तुमच्याकडे.

साथ ओसरल्यावर

आजारपणाच्या नोंदींची पानं फाडून जाळा, घरांची मूळ वही ठेवा आणि दर वर्षी पावसाळ्याआधी सुधारून घ्या. झोनमधले अधिकारी बदलून जातात, म्हणून नवे वैद्यकीय अधिकारी आले की पहिल्या महिन्यात जाऊन भेटा, वहीची प्रत दाखवा, फोन तपासून घ्या. ऑक्सिमीटरमधले सेल काढून ठेवा, नाहीतर गळून यंत्र खातात. कॉन्सन्ट्रेटर मात्र कपाटात बंद ठेवू नका. आतला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) ओल धरतो आणि वर्षभरानं यंत्र चालू झालं तरी शुद्ध ऑक्सिजन देत नाही. महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा, मागची जाळी धुऊन वाळवा, वर्षातून एकदा ऑक्सिजनची टक्केवारी तपासून घ्या, आणि आकडा ८५ च्या खाली आला की यंत्राला लाल चिठ्ठी लावून दुरुस्तीला पाठवा.